सुटे भाग चांगले, मग यंत्र का बंद पडलं?



मागच्या वेळी आपण ‘संबंध’ या विषयावर बोललो. दोन वस्तू आहेत म्हणजे त्यांच्यात संबंध आहेच असं नाही, आणि संबंध ही त्या दोन वस्तूंपेक्षा वेगळी तिसरी गोष्ट मानायची की नाही, यावर नैयायिकांनी किती डोकं लढवलं ते आम्ही सांगत होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एका मुलानं विचारलं, “सर, यातलं आजच्या काळातलं एक उदाहरण द्या ना.” आम्ही त्या दिवशी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी आल्यावर लक्षात आलं, की उदाहरण तर आमच्या शेजारच्याच घरात होतं, आणि त्यात आमचंही थोडं नाव खराब झालेलं होतं. आज तेच सांगायचं आहे. गेम खेळण्यासाठी सुटे भाग जमवून बनवलेल्या एका कॉम्प्युटरची गोष्ट.

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं यात कशाला पडावं, असं कुणाला वाटेल. बरोबर आहे. पण दोन वर्षांपूर्वी शेजारचा मुलगा, नुकताच इंजिनिअरिंगला लागलेला, कागद घेऊन आमच्याकडे आला. त्याचे वडील शेतकरी, देवळी तालुक्यात त्यांची कपाशी आणि तूर. त्या साली कपाशीचे पैसे हातात आले होते आणि त्यातले अडुसष्ट हजार पोराच्या कॉम्प्युटरसाठी द्यायचे ठरत होते. वडील म्हणाले, “सरांनी यादी पाहिली का? ते हो म्हणतील तर देतो.” म्हणजे आमच्या शब्दावर अडुसष्ट हजार रुपये. आता हा विश्वास आमच्या कॉम्प्युटरच्या ज्ञानावर नव्हता, पांढऱ्या केसांवर होता. पण केस आमचेच, तेव्हा जबाबदारीही आमचीच.

यादी वाचताना पहिल्याच मिनिटाला आमचं अज्ञान उघडं पडलं. मुलगा म्हणाला, “आजोबा, कूलर घ्यायचा राहिला आहे.” आम्ही म्हटलं, “अरे, तुमच्या खिडकीला एक आहे, गच्चीवर एक पडला आहे, आणखी कशाला?” वर्ध्यात कूलर म्हणजे एकच: पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा, पाणी सोडायचा. त्याला हवा होता प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा पंखा. तिथून आमचं शिक्षण सुरू झालं, आणि पुढचे पंधरा दिवस त्यानं शिकवलं, आम्ही शिकलो.

मग एका शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं नागपूरला गेलो, बर्डीवर दोन-तीन दुकानं फिरलो आणि संध्याकाळी खोकी घेऊन परत आलो. रविवारी पोरानं जेवणाच्या टेबलावर सगळं जोडलं. चालू झालं. घरात पेढे वाटले गेले.

आठवड्यानं तक्रार सुरू झाली. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, गेम ऐन रंगात असताना, ‘टिक्’ असा आवाज यायचा आणि सगळं गप्प व्हायचं. पुन्हा सुरू केलं की पुन्हा चालायचं. दिवसा कधी नाही. अभ्यासाचं काही चालू असताना कधीच नाही. पोरानं मशीन उचलून नागपूरला नेलं. दुकानदारानं तिथं दोन तास गेम चालवून दाखवला, एकदाही बंद पडलं नाही. “माल तर ओके आहे ना सर, तुमच्या समोर चालून राहिला.” पुन्हा घरी, पुन्हा बंद. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर वडील आमच्या अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, “सर, अभ्यास करते तवा बरोबर चालते, अन् गेम लावला का बंद पडते. म्हणजे मशीनलेही समजते, पण ह्याले नाही समजत.” त्यांचं म्हणणं असं, की विकून टाकू, जेवढे येतील तेवढे येतील. पोरगा खाली मान घालून बसलेला.

आता हा प्रश्न बघा कसा आहे. प्रत्येक भाग तपासला, प्रत्येक भाग चांगला. सगळे एकत्र दुकानात चालवले, तिथंही चांगले. मग दोष कुठं आहे? दुकानदार खोटं बोलत नव्हता, मुलगाही बोलत नव्हता. लायब्निट्झ म्हणायचा, की स्वतंत्रपणे शक्य असलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र शक्य असतातच असं नाही. हे वाक्य आम्ही वर्गात तीस वर्षं सांगितलं. पण आपल्या डोळ्यांसमोर ते ‘टिक्’ करून बंद पडेल असं कधी वाटलं नव्हतं. उत्तराकडे आपण येऊच. आधी हे भाग एकमेकांशी जुळतात म्हणजे काय, ते समजून घेऊ.

मुळात वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या देशांत बनलेले भाग एकमेकांत बसतात, हेच एक नवल आहे. आयबीएम कंपनीनं १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग वापरून, आणि त्याची तांत्रिक माहिती छापून उघड केली. इतरांनी ती पाहून तसलीच यंत्रं बनवली. पुढे १९९५ साली इंटेलनं मदरबोर्डचा आकार, स्क्रूची भोकं, वीजपुरवठ्याची जोडणी यांचा एटीएक्स नावाचा नमुना ठरवून दिला. ३०५ बाय २४४ मिलिमीटर हा पूर्ण आकार, त्याहून लहान मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. आज बर्डीवर कुठल्याही कंपनीचं कॅबिनेट घ्या आणि दुसऱ्या कंपनीचा बोर्ड घ्या, भोकं जुळतात ती यामुळे.

पण भोकं जुळली म्हणजे मनं जुळली असं नव्हे. इथं आम्हाला ‘तर्कसंग्रह’ आठवला. अन्नंभट्ट सांगतात, की शब्दांचा ढीग म्हणजे वाक्य नव्हे. वाक्याचा अर्थ लागायला तीन गोष्टी लागतात: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा हवी. नुसतं ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ म्हटल्यानं काही सांगून होत नाही. मग दोघांचा मेळ अर्थाच्या दृष्टीनं शक्य हवा. ‘विस्तवानं झाडं शिंपतो’ हे व्याकरणात बसतं, पण विस्तवानं शिंपता येत नाही. आणि शब्द जवळजवळ उच्चारले जायला हवेत, एक आत्ता आणि एक तीन तासांनी असं चालत नाही. आम्ही पोराला म्हटलं, तुझी यादी म्हणजे एक वाक्य आहे. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी यादीसमोर ‘आ’, ‘यो’, ‘स’ असे तीन रकाने पाडून आला.

आकांक्षा सोपी आहे, ती भरभर सांगतो. प्रत्येक भाग काहीतरी मागत असतो. प्रोसेसर मदरबोर्ड मागतो, आणि तोही ठरावीक सॉकेटचा. काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय आतच असते, काहींत नसते. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर ती नाही, मग ग्राफिक्स कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. थोडे पैसे वाचतात म्हणून ‘एफ’ घ्यायचा आणि कार्ड नंतर घेऊ म्हणायचं, असं करणारे आहेत. ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसकडून वेगळी वीज मागतं, सहा किंवा आठ पिनांच्या वायरीनं. तेवढ्या वायरी एसएमपीएसला आहेत का, हे आधी मोजायचं. एवढं पाहिलं की आकांक्षेचं काम झालं.

योग्यतेत मात्र माणसं फसतात, कारण इथं वस्तू बसते आणि तरी चालत नाही. इंटेलचं एलजीए ११५१ नावाचं सॉकेट घ्या. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटात, आणि आठव्या-नवव्या पिढीचेही त्याच नावाच्या सॉकेटात. संपर्काचे बिंदू दोन्हीकडे ११५१. पण आठव्या पिढीला तीनशे मालिकेचा चिपसेट लागतो, जुन्या बोर्डवर तो अधिकृतपणे चालतच नाही. जुना माल घेणाऱ्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावं, कारण जुन्या बाजारात हे बोर्ड अजून फिरतात आणि विकणारा ‘सॉकेट तेच आहे’ एवढंच सांगतो. तो खरंच सांगतो, पण अर्धं सांगतो.

एएमडीच्या बाजूला तऱ्हा वेगळी. त्यांचं एएम४ सॉकेट वर्षानुवर्षं टिकलं, म्हणून लोकांना आवडतं. पण बी४५० चिपसेटचा जुना बोर्ड आणि ५००० मालिकेचा नवा रायझन असं जुळवलं, तर बोर्डमधला बायॉस, म्हणजे यंत्र उठल्यावर सर्वांत आधी वाचतं ती आज्ञावली, नवी असावी लागते. नाहीतर बोर्डला समोर कोण बसलं आहे हेच ओळखता येत नाही. आणि गंमत अशी, की बायॉस नवा करायला बहुतेक बोर्डांना आधी एखादा चालणारा प्रोसेसर लागतो. काही बोर्डांवर पेनड्राइव्हनं थेट नवा करायची सोय असते. नसेल तर दुकानातच करून घ्यावा, खोकं घेऊन वर्ध्याला आल्यावर नव्हे. बोर्ड बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या संकेतस्थळावर कोणता प्रोसेसर बायॉसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो याचा तक्ता देते. दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीपेक्षा तो तक्ता बघा.

रॅमचं त्या मानानं बरं आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना. पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी अयोग्यतेला आधीच अडवलं आहे. (कुणी जोर लावून बसवली तर गोष्ट वेगळी, आणि जोर लावणारे आमच्या ओळखीत आहेत.) एएम५ सॉकेट २०२२ साली आलं, त्याला फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे, काही डीडीआर५चे, एकाच नावाच्या पुढे-मागे एखादं अक्षर बदलून. तेव्हा बोर्डचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. आमच्या पिढीला श्लोक पाठ करताना ऱ्हस्व-दीर्घासाठी छडी बसायची, तिचा इथं उपयोग झाला.

तिसरा प्रकार अर्धवट जुळण्याचा. यात यंत्र चालतं, पण लंगडत. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं स्वस्तातलं कार्ड २०२२ साली आलं. सर्वसाधारण कार्डाला बोर्डशी बोलायला सोळा किंवा आठ वाटा असतात, याला चारच ठेवल्या. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डवर त्या चार वाटा बऱ्यापैकी पुरतात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर तेच कार्ड बसतं, चालतं, पण बऱ्याच गेममध्ये मंद होतं. आणि स्वस्त कार्ड घेणार कोण? ज्याच्याकडे जुना बोर्ड आहे तोच! आम्हाला हे फार अन्यायाचं वाटलं.

पण सर्वांत वाईट उदाहरण वायरींचं आहे, आणि हे कृपा करून घरी जाऊन मुलांना सांगा. काही एसएमपीएसच्या वायरी सुट्या करता येतात. वायरीचं बोर्डाकडचं टोक ठरलेल्या नमुन्याचं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र सर्वांना बांधणारा नमुना नाही. एका कंपनीची वायर दुसरीच्या एसएमपीएसमध्ये नीट बसू शकते, आणि जिथं पाच व्होल्ट जायचे तिथं बारा जाऊ शकतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी क्षणात जाते. एसएमपीएस बदलला तर वायरीही बदला, जुन्या वायरी चांगल्या दिसतात म्हणून ठेवू नका. विस्तवानं शिंपणं म्हणजे काय, ते इथं दिसतं.

सन्निधी म्हणजे जवळीक. कॅबिनेटच्या आत जागा किती, हे टेपनं मोजायचं काम आहे. काही ग्राफिक्स कार्डं तीनशे मिलिमीटरहून लांब असतात. कॅबिनेटच्या माहितीत ‘कार्डाची कमाल लांबी’ आणि ‘कूलरची कमाल उंची’ हे दोन आकडे दिलेले असतात. पुढच्या बाजूला पंखे किंवा रेडिएटर लावले तर त्या लांबीतून त्यांची जाडी वजा करायची. उंच कूलर उंच रॅमवर आडवा येतो का तेही बघायचं. आमच्या पोरानं शेवग्याच्या शेंगांएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून कॅबिनेटच्या चित्रावर ठेवल्या होत्या. आम्हाला ती पद्धत आवडली.

सन्निधीचा काळाचाही अर्थ आहे. आज प्रोसेसर, दिवाळीला बोर्ड, पुढच्या उन्हाळ्यात कार्ड, अशी हप्त्यांनी खरेदी पुष्कळ घरांत होते, पैसेच तसे येतात. पण पहिला भाग खोक्यात पडून असतो, त्याची बदलून देण्याची मुदत निघून जाते, आणि तो बिघडलेला होता की नाही हे वर्षानं कळतं. पैसे हप्त्यांनी साठवा, खरेदी मात्र एका आठवड्यात करा.

इथपर्यंत आमच्या पोराची यादी पक्की होती. तिन्ही रकाने भरलेले. आम्ही ‘हो’ म्हटलं ते उगाच नव्हतं. मग ‘टिक्’ कुठून आलं?

तिसऱ्या खेपेनंतरच्या त्या संध्याकाळी आम्ही वडिलांना म्हटलं, भाऊ, विकायचं तर विका, पण एक दिवस थांबा. मशीन दुकानात चालतं, घरी चालत नाही. तर मग दुकानात नसलेलं आणि घरी असलेलं असं काय आहे, ते आधी शोधू. जॉन स्टुअर्ट मिलनं कारण शोधायची जी रीत सांगितली तिच्यातली ही अगदी प्राथमिक पायरी आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पोरगा म्हणाला, “दुकानात एसी आहे.” खरं होतं, पण तेव्हा फेब्रुवारी चालू होता, गरमीचा प्रश्न नव्हता. मग तो टेबलाखाली वाकला आणि तिथंच थांबला. टेबलाखाली यूपीएस होता. जुन्या कॉम्प्युटरचा, घरातच पडलेला. घरात आहेच, विकत घ्यायचा नाही, म्हणून यादीत त्याचं नावच नव्हतं!

त्यावर लिहिलं होतं ६०० व्हीए. एसएमपीएसवर लिहिलं होतं ५५० वॅट. आम्ही सगळ्यांनी मनात एकच हिशोब केला होता, सहाशे हा साडेपाचशेपेक्षा मोठा, म्हणजे पुरतो. पण व्हीए आणि वॅट ही दोन मापं एक नव्हेत. यूपीएस उलटा करून मागची पट्टी वाचली, तर बारीक अक्षरात ३६० वॅट. घरगुती यूपीएसमध्ये हे साधारण असंच असतं, व्हीएच्या साठ टक्के वॅट.

आता मांडा. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड २२० वॅटच्या आसपास, प्रोसेसर ८०-९०, बाकी बोर्ड, रॅम, पंखे मिळून ४०-५०. साडेतीनशे झाले. पण ही झाली एसएमपीएसमधून बाहेर पडणारी वीज. एसएमपीएस स्वतः थोडी उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून चारशेच्या वर ओढणार. शिवाय मॉनिटर त्याच यूपीएसवर. संध्याकाळी वस्तीत सगळ्यांचे दिवे, पंखे, पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली यायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, त्याच्या अंगावर अचानक चारशेच्या वर वॅट पडायचे, आणि तो ‘टिक्’ करून हात वर करायचा. अभ्यास करताना तेच मशीन शंभर वॅटही घेत नाही, म्हणून तेव्हा यूपीएसला काही होत नव्हतं. दुकानात यूपीएसच नव्हता.

मशीनला काही समजत नव्हतं, ते वॅट मोजत होतं. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पोराकडे बघत राहिले. आम्हाला खरी शरम वाटली ती आमची. यादीतला प्रत्येक भाग आम्ही तपासला, पण यादी कुठं संपते ते तपासलंच नाही.

हे सगळं झाल्यावर काही दिवसांनी पाहुण्यांना घेऊन आम्ही मगन संग्रहालयात गेलो होतो. आपल्या गावातलं, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. त्यातल्या चरख्यांसमोर उभे असताना १९२९ सालची स्पर्धा आठवली. अखिल भारत चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. एक लाख, १९२९ साली! त्याच्या अटी बघा. खेड्यातल्या साध्या झोपडीत चालला पाहिजे. हलका, इकडून तिकडे नेता येणारा. एका बाईला फार श्रम न होता सलग आठ तास चालवता आला पाहिजे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचं सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. हिंदुस्थानात बनून किंमत दीडशे रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये.

बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अटी फार कडक होत्या, अशक्य होत्या असंही म्हणता येईल. पण आमचं लक्ष त्या अटींच्या क्रमाकडे गेलं. चाती किती फेरे घेते, चाकाचा व्यास किती, हे त्यांत कुठंच नाही. घर कसं आहे, चालवणारी कोण आहे, तिच्या अंगात बळ किती, तिथून सुरुवात आहे. यंत्र त्यानंतर. आम्ही मात्र प्रोसेसरपासून सुरू केलं होतं आणि घर राहूनच गेलं होतं.

तर आता घर या भागाबद्दल थोडं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो हे सांगायला नको. कॉम्प्युटरचे परीक्षक ज्या खोलीत तापमान मोजतात ती वीस-पंचवीस अंशांची असते. चांगला कूलरसुद्धा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, फक्त खोलीच्या जवळ आणतो. बावीस अंशांच्या खोलीत जी चिप बहात्तरला राहते, ती आपल्या बेचाळीसच्या खोलीत ब्याण्णवला जाणार. बहुतेक प्रोसेसर नव्वद ते शंभरच्या दरम्यान स्वतःच मंद होतात. म्हणजे ‘सोबत फुकट मिळालेला पंखा पुरतो’ हे वाक्य दुसऱ्या गावासाठी खरं असेल. दोन पैसे कॅबिनेटच्या जाळीवर आणि पंख्यांवर जास्त घाला, झगमगत्या दिव्यांवर नको. आणि आमचा तो पत्र्याचा कूलर? त्याच्या वाऱ्यात कॅबिनेट ठेवू नका. त्या वाऱ्यात पाण्याचे बारीक तुषार असतात, आणि आपलं पाणी क्षारांचं. आठ दिवसांनी ताट्यांवर पांढरं साचतं ना, तेच बोर्डवर साचेल.

दुसरं, अर्थिंग. पोराच्या आईनं एकदा पुसताना कॅबिनेटला हात लावला आणि झिणझिण्या आल्या. एक्स्टेन्शन बोर्डाची तिसरी पिन भिंतीत कशालाच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आत गाळणीसारखे कपॅसिटर असतात, ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथला चिमूटभर प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो. झिणझिण्या त्याच्या. याला ‘चालतंच’ म्हणू नये. वायरमनला बोलवावं, त्यानं जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत तपासावं. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं, हे आमच्या वडिलांना माहीत होतं. आम्ही विसरलो होतो.

आणि इन्व्हर्टर. आपल्या विजेची एक लहर वीस मिलिसेकंदांची. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला अदलाबदल करायला त्याहून जास्त वेळ लागला तर यंत्र बंद पडणारच. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असं एक बटण असतं ते याचसाठी. ते दाबलेलं आहे का पाहा.

पोराच्या यंत्राचं काय केलं? मोठा यूपीएस लगेच घ्यायला पैसे नव्हते, आणि वडिलांकडे पुन्हा मागायची आमची हिंमतही नव्हती. मग पोरानंच युक्ती काढली. त्याचा मॉनिटर जुना, सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. कार्ड मात्र दीडशे चित्रं बनवत होतं. वरची नव्वद कुणालाच दिसत नव्हती, पण त्यांची वीज लागत होती. त्यानं गेममध्ये साठची मर्यादा घातली, कार्डाची वीज ओढायची कमाल पातळीही थोडी खाली आणली. एकूण भार तीनशे वॅटच्या आत आला. खर्च शून्य. त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या टेबलाशेजारी सात ते नऊ बसून होतो. व्होल्टेज दोनदा पडलं, यूपीएसनं दोनदा ‘टिक्’ केलं, आणि पडद्यावरची गाडी पळत राहिली. गेम कोणता होता ते विचारू नका, आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं शिकवणीच्या पैशांतून ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. घ्यायच्या आधी मागची पट्टी वाचून वॅट विचारले, तेव्हा दुकानदारालाही ती शोधावी लागली.

मागच्या आठवड्यात त्याचे वडील पुन्हा अंगणात आले. आम्हाला वाटलं, पुन्हा काही बंद पडलं. ते म्हणाले, “सर, वावरात मोटारीसाठी जनरेटर घ्याचा इचार आहे. त्याच्यावर पाच केव्हीए लिहून आहे, मोटार तीन एचपीची. हे व्हीएचंच भानगड आहे का?” आम्ही म्हटलं, हेच आहे, आणि मोटार सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट ओढते, ते वेगळंच. पक्कं उत्तर आमच्याकडे नव्हतं. त्यांनी पोराला हाक मारली. पोरगा बाहेर आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, “बाबा, मोटारीच्या पट्टीचा फोटो काढून आणला का?”